निकोलासमामाचा दुखवटा

मावशी, तुझ्या शवपेटीशेजारचा तो फोटो पाहिला आणि मला आधी मळमळलं. रडू त्यानंतर आलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, बरोबर आहे, हाच क्रम असतो. पण तू नाहीस, आणि बाकी कुणाला हे सांगायची सोय नाही, म्हणून तुलाच सांगत बसले आहे.

आपल्या बिशानच्या ब्लॉकखाली, व्हॉइड डेकच्या मोकळ्या जागेत, तुझ्या मुलाने, डॅनियलने, सगळी व्यवस्था चोख ठेवली होती. पांढरे पडदे, गोल टेबलं, टेबलांवर ताणून बसवलेलं प्लास्टिक, शेंगदाणे, थंड चहाची पाकिटं. मोठाले पंखे घरघरत होते, तरी लिलीच्या फुलांचा वास जागचा हलत नव्हता. त्या फुलांच्या मधोमध, माणसाएवढा मोठा करून, तो काळापांढरा फोटो. दहा वर्षांची तू, अंगात काळा झगा, केसांत काळी फीत, तोंड अर्धवट उघडं. मागे तुझी आई, डोळ्यांना रुमाल लावून रडणारी. खाली डॅनियलने सोनेरी अक्षरांत छापून घेतलं होतं, ‘प्रेम आणि निष्ठा, लहानपणापासून’.

येणारा प्रत्येक जण त्या फोटोपुढे थांबत होता. ‘सो स्वीट’, ‘पुअर थिंग’ असं काहीबाही पुटपुटत होता. नवव्या मजल्यावरच्या मिसेस टॅन माझा हात धरून म्हणाल्या, “बघ, एवढीशी पोर. आजोबा गेले असतील. किती मनापासून रडतेय.” तुझ्या ओठांच्या कडेला जे चमकतंय ते अश्रू नाहीत, ओकारी आहे, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

खरं म्हणजे तुझी माझी ओळखही तोंड वाकडं करण्यातूनच झाली होती. आम्ही पुण्याहून नुकते सिंगापूरला, या ब्लॉकमध्ये राहायला आलो होतो आणि तू एक वाडगा घेऊन दारात उभी राहिलीस. ईस्टरच्या आधीचे तुमचे उपासाचे दिवस होते, आणि त्या दिवसांत तुमच्याकडे लाल घेवड्याची खीर करून शेजारीपाजारी वाटायची पद्धत. शिजवून वाटलेला घेवडा, त्यात नारळाचं दूध, दालचिनी, रताळ्याच्या फोडी, मनुका आणि वरून चक्क तरंगणारी बिस्किटं. राजम्याची खीर! मी तुझ्यासमोरच एक चमचा तोंडात घातला, गिळला आणि हसून ‘व्हेरी नाइस’ म्हणाले. माझी ओवी तेव्हा बालवाडीत होती. तिने “रेड बीन सूप लाह, आई,” असं इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणून अख्खा वाडगा चाटूनपुसून संपवला. तू मात्र माझ्याकडेच बघत होतीस.

“चेहरा लपवू नकोस,” तू म्हणालीस. “नाही आवडलं तर नाही आवडलं म्हण. माझ्या देशात कैक वर्षं ही चैन नव्हती. इथे आहे, तर कर.”

मी म्हणाले, “अजिबात नाही आवडलं.” तू इतकी खूश झालीस की दुसऱ्या दिवशी पुन्हा आलीस, या वेळी तळलेली कच्ची केळी घेऊन. ती मात्र मी अजून करते.

तुझा देश कुठे आहे हे तेव्हा मला धड माहीत नव्हतं. आपल्या ब्लॉकमध्ये कुणालाच नव्हतं. डोमिनिकन रिपब्लिक म्हटलं की लोक क्रिकेटवाला डोमिनिका समजायचे, आणि तू वैतागून म्हणायचीस, “ते वेगळं बेट. आम्ही क्यूबाच्या शेजारचे. आम्ही बेसबॉल खेळतो.” नवरा बोटीवरचा इंजिनिअर, त्याच्या मागोमाग तू सिंगापूरला आलीस आणि तो गेल्यावरही इथेच राहिलीस, मुलांना स्पॅनिश शिकवत. इथे चार पांढरे केस दिसले की कुणीही कुणाला आंटी म्हणतं. तू म्हणालीस, आंटी तर मी भाजीवाल्याचीसुद्धा आहे, तुमच्या भाषेत जवळच्या बाईला काय म्हणतात ते सांग. मी सांगितलं, आईच्या बहिणीला मावशी. तुला तो शब्द भारी आवडला. आल्तग्रासिया हे तुझं लांबलचक नाव त्यानंतर मी फक्त पाकिटांवर वाचलं.

आपलं भांडण कधी सुरू झालं, आठवतं? तू पहिल्यांदा माझ्या हॉलमध्ये आलीस त्याच दिवशी. समोरच्या भिंतीवर कोट-टाय घातलेल्या माणसाचा फोटो, त्याला हार. तू उंबऱ्यातच थबकलीस. “हा कोण?” असं विचारलंस ते पोलिसाने विचारावं तसं. मी सांगितलं, यांच्यामुळे आम्ही माणसात आलो, यांच्यामुळे आमच्या बायका शिकल्या, मी इथे प्रयोगशाळेत नोकरी करते ती यांच्यामुळे. तू ऐकून घेतलंस आणि मग तुमच्या घराचं सांगितलंस. तुमच्या हॉलमध्येही कोटातला माणूस होता, तुमच्या देशाचा हुकूमशहा. त्याच्या शेजारी धातूची पाटी होती, या घरात मालक तोच, असं लिहिलेली. घराघरांत होती. राजधानीला त्याचं नाव, देशातल्या सगळ्यांत उंच डोंगराला त्याचं नाव. वर देव आणि खाली तो. छातीवर पदकांची एवढी दाटी की लोक दारं लावून, हळूच, त्याला बाटलीचं बूच म्हणायचे. त्याचं खरं नाव तू माझ्यासमोर कधीच उच्चारलं नाहीस. बूच म्हणायचीस, आणि म्हणताना ओठ असे दुमडायचीस की जणू चुकून काही कडू लागलंय.

मी भडकले होते. म्हटलं, कुणाची कुणाशी तुलना करतेस? हा फोटो आमच्या घरात कुणाच्या धाकाने लागलेला नाही.

“उद्या उतरवलास तर दारावर कोण येईल?” तू विचारलंस.

“कुणी नाही. फार तर माझी आई आठवडाभर फोन उचलणार नाही.”

तू हसलीस. “मग राहू दे. पण ओवीला एकदा विचारून बघ, तिला का लावावासा वाटतो.”

याचा मला जास्त राग आला. माझ्या पोरीला काय विचारायचं ते तू कोण सांगणार? त्यावरून आपण किती वर्षं वाद घातला! मी म्हणायचे, कृतज्ञता आणि भीती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तू म्हणायचीस, पहिल्या पिढीला असतो, तिसऱ्या पिढीला कुणी सांगितलंच नाही तर तिला भिंतीवर नुसता एक कोट दिसतो. ओवी आता सोळा वर्षांची आहे, मावशी. मी तिला अजून विचारलेलं नाही.

पण तुझ्यावर रागावून फार दिवस राहता यायचं नाही. माझे बाबा गेले तेव्हा मी पुण्याला जाऊन आले आणि आल्या आल्या कामावर रुजू झाले. आमच्यात तेरावं-बिरावं करत नाहीत. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम भावाने ठेवला, तो मी फोनच्या पडद्यावर पाहिला. संध्याकाळी घरी येऊन टीव्ही लावून बसायचे, कुठला तरी स्वयंपाकाचा कार्यक्रम, आवाज मोठा. तू आलीस, न विचारता टीव्ही बंद केलास, पडदे ओढलेस आणि माझ्याशेजारी सोफ्यावर बसलीस. “दुखवटा कुठे आहे तुझा?” असं विचारलंस. मी म्हणाले, वेळ नाही. तू म्हणालीस, “रड. इथे तुला कुणी अडवलेलं नाही.” मी जी रडायला लागले ती थांबेचना. माझ्या सख्ख्या माणसांनी केलं नाही ते तू केलंस. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत, आज मानते.

त्याच संध्याकाळी तू मला निकोलासमामाचं सांगितलंस.

तुझ्या आईचा धाकटा भाऊ. सॅक्सोफोन वाजवायचा. जत्रांत, लग्नांत मेरेंगे वाजवणाऱ्या एका बँडमध्ये होता. मेरेंगे म्हणजे तुमचं नाचाचं संगीत, ज्यावर तू भात ढवळतानासुद्धा कंबर हलवायचीस. बूचने तेही सोडलं नव्हतं. प्रत्येक कार्यक्रमात त्याची आरती ओवाळणारी गाणी वाजलीच पाहिजेत. एका जत्रेत कुणा अधिकाऱ्याने तेच गाणं पुन्हा एकदा वाजवायला सांगितलं, आणि मामा सॅक्सोफोन खुर्चीवर ठेवून पाणी प्यायला उठला. एवढंच. गाणं त्याच्याशिवाय वाजलं. काही दिवसांनी तुमच्या गल्लीत गुप्त पोलिसांची ती काळी बुटकी मोटर आली, जिचा आवाज ऐकूनच लोक खिडकीपासून मागे सरायचे. मामा तीत बसून गेला तो गेलाच.

प्रेत नाही, बातमी नाही. तुमच्याकडे घरातलं माणूस गेलं की बायका वर्षानुवर्षं काळं घालतात, आरसे झाकतात, रेडिओ बंद, खिडक्या बंद. पण मामासाठी काळं घालणं म्हणजे त्याला मारलं हे आम्हाला कळलंय असं गल्लीत जाहीर करणं. म्हणून तुझी आई फुलाफुलांचे झगे घालायला लागली. खिडक्या सताड उघड्या, रेडिओ मोठ्याने. कुणी विचारलं की हसून सांगायची, निकोलास न्यूयॉर्कला असतो, छान चाललंय त्याचं. रेडिओवर तेच गाणं लागायचं आणि ती आवाज कमी करायची नाही. तू तिच्याकडे बघत बसायचीस. तुला तेव्हापासून तिची किळस यायला लागली, असं तू म्हणालीस. आईची किळस, हे शब्द तू माझ्यासमोर उच्चारलेस आणि मग बोटातली अंगठी फिरवायला लागलीस.

मग समुद्राकाठच्या रस्त्यावर बूचला गोळ्या घातल्या. घातल्या त्याही त्याच्याच जुन्या माणसांनी. झालं, अख्ख्या देशाने दुखवटा पाळायचा. तुझ्याकडे काळा झगा नव्हता. पांढरा होता, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीचा, ज्याला आईने स्वतः बसून लेस लावली होती. परसात चूल मांडून, रॉकेलच्या डब्यात पाणी उकळून, त्यात मीठ, व्हिनेगर आणि काळा रंग टाकून आईने तो झगा बुडवला आणि काठीने ढवळला. तू बघत होतीस. मामासाठी ज्या घरात काळ्या धाग्याची गाठ कुणी मारली नव्हती, त्या घरात त्याला मारणाऱ्यासाठी डबाभर काळा रंग उकळत होता.

बूचच्या दर्शनाला लागलेली ती रांग, ते ऊन. घामाने रंग सुटला आणि तुझ्या पायांवरून ओघळून पांढऱ्या मोज्यांत उतरला. व्हिनेगरचा वास. पुढे बायका छाती पिटत होत्या. राजवाड्याच्या पायऱ्यांपाशी पोचलात आणि तू भडाभडा ओकलीस, आपल्याच बुटांवर. आईने तुझं तोंड अर्धवट पुसलं आणि शिपायाला म्हणाली, दुःखाने झालंय पोरीला. शिपायाने तुझ्या डोक्यावरून हात फिरवला. गुणाची पोर आहे, म्हणाला. तेवढ्यात फोटोवाल्याने फोटो काढला.

आईने तो विकत आणून पाटीशेजारी टांगला. बूच मेला तरी त्याचा मुलगा होता ना, कोण रडलं आणि कोण नाही ते हुडकत फिरणारा. आम्ही रडलो याचा पुरावा भिंतीवर असलेला बरा. आई वारल्यावर तू तो इथे आणलास आणि कपाटात टॉवेलांच्या खाली ठेवून दिलास. मला दाखवलास तेव्हा दोन बोटांनी धरला होतास, मेलेल्या पालीची शेपटी धरावी तसा.

मी फोटो बघितला आणि लगेच म्हणाले, “मावशी, तुझी आई बूचसाठी रडत नाहीये. भावासाठी रडतेय. तिला चारचौघांत रडायची परवानगी पहिल्यांदा मिळाली होती. दिसतंय की!”

“तुला काय दिसतंय?”

“तिचा चेहरा.”

“चेहऱ्यावरून आमच्याकडे काही कळत नव्हतं,” तू म्हणालीस. “कदाचित भावासाठी असेल. कदाचित भीतीने असेल. कदाचित खरंच बूचसाठी असेल. किती तरी बायका खऱ्याच रडत होत्या, मी पाहिल्यात. ती मला कधी बोलली नाही. मला तुझं म्हणणं खरं मानायला फार आवडेल गं. पण आवडतं म्हणून मी ते खरं म्हणणार नाही.”

यावर मी तुझ्याशी कितीदा भांडले! आईला एवढा तरी संशयाचा फायदा दे, म्हणाले. तू दिला नाहीस. मला तू निष्ठुर वाटलीस. आज वाटत नाहीस असंही नाही.

आणि दुसरं एक, ज्यासाठी मी तुला माफ केलेलं नाही. मी विचारलं होतं, डॅनियलला हे माहीत आहे? तू म्हणालीस, नाही. का? तर मुलांना असलं सांगायचं नसतं, मुलं शाळेत जाऊन बोलतात. अगं, मुलगा पन्नाशीला आला! रॅफल्स प्लेसला बँकेत बसतो, त्याची कुठली शाळा? तू खांदे उडवलेस. “सवय,” म्हणालीस. “परक्याला सांगता येतं. घरात तोंडच उघडत नाही.” म्हणजे नापसंती लपवू नकोस असं मला दारात उभी राहून शिकवणारी तू, स्वतःच्या मुलापुढे आयुष्यभर खिडक्या उघड्या ठेवून रेडिओ लावून बसलीस. आईची किळस यायची ना तुला? मग?

बघ त्याचं काय फळ मिळालं ते. तुझ्या पेटीशेजारी उभा राहून डॅनियल भाषण करत होता. सुंदर इंग्रजी, सुंदर सूट. म्हणाला, माझी आई अशा काळात वाढली जेव्हा लोकांना आदर म्हणजे काय ते माहीत होतं. ती सांगायची, आम्ही दारं उघडी टाकून झोपायचो. लोकांनी माना डोलावल्या.

हे वाक्य तुझंच, हे खरं. मलाही तू सांगितलं होतंस. पण मला पुढचंही सांगितलं होतंस, की दाराला कडी घातली तर सकाळी विचारायला यायचे, काय लपवता म्हणून. तुझ्या वाक्याचं शेपूट छाटून ते तुझ्याच पेटीवर फुलासारखं ठेवलं. मला त्या लिलीच्या वासाचासुद्धा वीट आला.

माझ्या टेबलाशी साळवी बसले होते. मूळचे मुंबईचे, कुठल्याशा आयटी कंपनीत मॅनेजर, यिशुनहून आले होते. त्यांची मुलगी तुझ्याकडे स्पॅनिश शिकायची. करी पफ खाता खाता म्हणाले, “बघा ताई, शिस्त. आपल्याकडेही दहा वर्षं असा एक खमक्या माणूस बसवायला पाहिजे. सरळ होतील सगळे.”

“सगळे म्हणजे कोण?” मी विचारलं.

“सगळे हो.”

“तुम्ही धरून?”

“आपण कशाला? आपण काय वाकडं केलंय?” असं म्हणून त्यांनी शर्टावरचा चुरा झटकला. हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय, मावशी. घरी, लग्नांत, विमानतळावर, सुशिक्षित माणसांच्या तोंडून. बोलणाऱ्याची खात्रीच असते की काळी मोटर शेजाऱ्याच्या दारात थांबणार. मला त्या माणसाच्या ताटाशेजारी बसवेना. मी उठले.

डॅनियलला बाजूला घेतलं. खांबाशी, जिथे सायकली लावतात तिथे. विचारलं, हा फोटो कधीचा आहे ते तुला ठाऊक आहे का?

“ऑफकोर्स,” तो म्हणाला. “त्यांचा लीडर गेला तेव्हाचा. लहानपणी सुट्टीत तिकडे गेलो होतो तेव्हा आजीनेच दाखवला होता. म्हणाली, आम्ही सगळे रडलो.”

“कशी म्हणाली?”

“कशी म्हणजे? म्हणाली. स्मिता, तो माणूस कडक होता, मला माहितीये. पण रस्ते बांधले त्याने, चोऱ्या नव्हत्या. आणि फोटो ब्यूटिफुल आहे. इथे कुणाला काय कळतंय?”

मला अज्ञानाची चीड आली नसती. त्याला माहीत होतं. त्या फोटोत रस त्याला होता, तुला कधीच नव्हता. त्याच्या सूटला तो फोटो शोभत होता. मी म्हणाले, “तुझ्या आईला हा फोटो आवडायचा नाही.”

“मग ठेवला कशाला इतकी वर्षं?” त्याने विचारलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, समजावल्यासारखा म्हणाला, “आज पॉलिटिक्स नको, ओके? प्रार्थनेच्या शेवटी घरातल्या गेलेल्यांची नावं घ्यायची आहेत. ती तू घे. आईला आवडेल.” नावं त्याने सांगितली. तुझे आईवडील, तुझा नवरा, नवऱ्याची बहीण.

मी ओवीच्या शेजारी जाऊन बसले. तिला कानात सांगितलं, आता उठून सगळं सांगून टाकते. ती घाबरली. “आई, डोन्ट एनीहाऊ से लाह. उगाच काहीबाही बोलू नकोस. त्याची आई गेलीये.” पोरीचं चुकत नव्हतं. परक्याच्या दुःखाच्या जागी उभं राहून आपली शहाणपणाची पोतडी उघडणारी माणसं मलाही आवडत नाहीत. आणि ही गोष्ट माझी आहे का? तू मला सांगितलीस, मला दिली नाहीस. सांग, देऊन गेली होतीस का? एक शब्द बोलून ठेवला असतास तर काय बिघडलं असतं?

प्रार्थना सुरू झाली. चर्चमधल्या बाई सांगत होत्या, लोक मागून म्हणत होते. मला त्यांचा धर्म माहीत नाही, पण पाठोपाठ म्हणण्याची लय ओळखीची होती. आमची वंदनाही अशीच चालते. मग त्यांनी माईक माझ्या हातात दिला. मी तुझ्या आईचं नाव घेतलं. “त्यांना चिरशांती लाभो,” सगळे म्हणाले. वडिलांचं घेतलं. नवऱ्याचं. नवऱ्याच्या बहिणीचं. प्रत्येक वेळी तेच, एका सुरात, पंख्यांच्या घरघरीवरून.

मी फोटोकडे बघितलं. तुझ्याकडे नाही, तुझ्या आईकडे. ती कुणासाठी रडत होती ते मला त्या क्षणीही कळलं नाही. तुझंच बरोबर होतं, चेहऱ्यावरून काही कळत नाही. पण एक नाव तिने न्यूयॉर्कला पाठवून दिलं होतं आणि तू टॉवेलांखाली ठेवलं होतंस, आणि मी गप्प बसले असते तर ते नाव दडवून ठेवणारी तिसरी बाई मी झाले असते. त्याची मला इतकी शिसारी आली की बाकी सगळी भीड गळून पडली.

“आणि त्यांचा मामा, निकोलास,” मी म्हणाले.

“त्यांना चिरशांती लाभो,” सगळे म्हणाले.

मिसेस टॅन म्हणाल्या, साळवी म्हणाले, चर्चच्या बाई म्हणाल्या, ओवीही म्हणाली. ज्या माणसासाठी त्याच्या स्वतःच्या बहिणीला रेडिओ बंद करता आला नव्हता, त्याच्यासाठी जगाच्या दुसऱ्या टोकाला, एका ब्लॉकच्या खाली, कधी त्याचं नावही न ऐकलेल्या माणसांनी मान खाली घालून शांती मागितली. डॅनियलही सवयीने म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याने मान वर केली.

“कोण निकोलास?”

चर्चच्या बाईंनी माईक घ्यायला हात पुढे केला. मी दिला नाही. डॅनियलचा चेहरा एकदम लहान झाला होता, मावशी. त्याला खरोखरच माहीत नव्हतं, आणि आपल्याला माहीत नाही हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. सगळे वाट बघत होते.

“तुझ्या आजीचा सख्खा भाऊ,” मी म्हणाले. “बस खाली. सांगते.”